पाइंट, राउंड आणि ‘बसू या’ : बिअरपानाच्या इंग्रजी बोलीचा इतिहास

१

भाषांतराचा पेपर शिकवताना आम्ही एकदा एम.ए.च्या वर्गाला एका इंग्रजी कथेतील छोटासा संवाद मराठीत आणायला दिला होता. कचेरी सुटते, दोन सहकारी जिना उतरतात आणि त्यांपैकी एक व्यक्ती दुसरीला विचारते, ‘फॅन्सी अ पाइंट?’ शब्द अवघे तीन. विद्यार्थ्यांना ते फारच सोपे वाटले. एकाने लिहिले, ‘तुला एक पाइंट आवडेल का?’ दुसऱ्याने लिहिले, ‘थोडी बिअर प्यायची का?’ तिसऱ्याने शब्दकोश उघडून पाइंटचे मिलिलीटर केले आणि ‘अर्ध्या लिटरहून थोडी जास्त’ बिअर सहकाऱ्यापुढे ठेवली. शेवटच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणाले, ‘सर, सरळ लिहा ना : बसू या का?’ वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो. तास संपल्यावर मात्र आमच्या लक्षात आले की चारही उत्तरांत मुळाच्या सर्वांत जवळ जाणारे उत्तर तेच होते. ‘बसू या’मध्ये बिअरचा उल्लेख नाही, पिण्याचाही नाही. ‘फॅन्सी अ पाइंट?’मध्येही तो नाही. तिथे आहे ते एक माप, इथे आहे ती एक क्रिया. ज्याला कळायचे त्याला दोन्हीकडे बरोबर कळते.

त्या दिवसापासून आम्ही बिअर पिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी बोलीतील शब्दांची एक वही ठेवू लागलो. वही भरत गेली तशी एक गोष्ट स्पष्ट होत गेली. झिंगलेल्या माणसाचे वर्णन करणारे इंग्रजी शब्द अगणित आणि मोठ्या आवाजाचे आहेत. बेंजामिन फ्रँक्लिनने १७३७ साली आपल्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये अशा शब्दप्रयोगांची यादी छापली, तेव्हाच ती दोनशेच्या वर गेली होती. परंतु बिअर घ्यायला बोलावण्याचे शब्द अगदी नम्र, जवळजवळ लाजरे आहेत. ‘अ क्विक वन’ म्हणजे झटकन एक, ‘अ स्विफ्ट हाफ’ म्हणजे चपळ असा अर्धा पाइंट, ‘जस्ट द वन’ म्हणजे फक्त एकच. ‘अ जार’ म्हणजे बरणी, ‘अ बेव्ही’ म्हणजे ‘बेव्हरेज’ या भारदस्त शब्दाचे लाडके रूप, तर ‘वेटिंग द व्हिसल’ म्हणजे शीळ ओली करणे. शेवटची कल्पना चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या ‘रीव्हच्या कथे’तही आढळते. सहाशे वर्षे माणसे घसा कोरडा पडल्याची सबब सांगत आली आहेत, असा याचा अर्थ.

हे शब्द इतके सोज्ज्वळ का, हा प्रश्न आम्हांला पडला. त्याचे उत्तर शोधताना साहित्यापेक्षा कायदा, मजुरी आणि मापे यांच्या इतिहासातच आम्हांला अधिक फिरावे लागले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या भ्रमंतीचा वृत्तांत.

२

बोलीचा इतिहास लिहिताना पहिला प्रश्न असा की, हे शब्द आपल्यापर्यंत पोचवले कोणी? पिणाऱ्यांनी ते लिहून ठेवले नाहीत. पिणाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्यांनी ते टिपले.

केंट परगण्यातील टॉमस हार्मन हा जमीनदार काही काळ न्यायदंडाधिकाऱ्याचे कामही करी. १५६७ सालच्या त्याच्या पुस्तकात भटके आणि भिकारी यांच्याविषयी सभ्य समाजाला सावध केले आहे आणि शेवटी त्यांच्या गुप्त बोलीतील शब्दांची यादी जोडली आहे. त्या यादीत ‘बाउज’ म्हणजे पेय, ‘बाउजिंग केन’ म्हणजे दारूचे घर. हा ‘बाउज’ मध्ययुगीन डच भाषेतील अतिपानाच्या क्रियापदाशी जोडला जातो. आजच्या इंग्रजीत त्याचेच रूप ‘बूझ’ आणि मद्यगृहाला ‘बूझर’. हार्मनने ज्या भटक्यांना फटके बसावेत म्हणून ही यादी केली, त्यांच्यापैकी एकाचेही म्हणणे आज आपल्याला त्यांच्या शब्दांत ठाऊक नाही. त्यांचा हा शब्द मात्र साडेचारशे वर्षे टिकला आणि आता बँकेतले अधिकारीही शुक्रवारी संध्याकाळी तो बिनदिक्कत वापरतात.

हार्मननंतर दहा वर्षांनी, १५७७ साली, विल्यम हॅरिसन या धर्मोपदेशकाचे इंग्लंडचे वर्णन होलिन्शेडच्या बखरींना जोडून प्रसिद्ध झाले; त्याची विस्तारित आवृत्ती १५८७ ची. बाजारांच्या आणि जत्रांच्या संदर्भात हॅरिसन कडक एलची लोकांनी ठेवलेली नावे देतो. त्यांचा आम्ही केलेला स्वैर अनुवाद असा : ‘पिसाळलेला कुत्रा’, ‘देवदूतांचे अन्न’, ‘ड्रॅगनचे दूध’, ‘भिंत धरून चाल’. हॅरिसनचा सूर तक्रारीचा आहे. परंतु नावे देताना तो एकापुढे एक अशी रचत जातो, तेव्हा या धर्मोपदेशकालाही त्या शब्दांची गोडी लागली होती असे वाटल्याशिवाय राहत नाही.

त्याच शतकाच्या अखेरीस शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ नाटकाच्या पहिल्या भागात युवराज हॅल गुत्त्याच्या तळघरात नोकरपोऱ्यांबरोबर बसून वर येतो आणि आपण त्यांची भाषा शिकल्याची फुशारकी मारतो. खूप पिण्याला ते लोक किरमिजी रंग चढवणे म्हणतात, हे तो आपल्या सोबत्याला कौतुकाने सांगतो. वर्गात हा प्रवेश शिकवताना आपण हॅलचा मोकळेपणा दाखवतो. नाटकाचा पुढचा प्रवास मात्र वेगळे सुचवतो. हा युवराज पुढे राजा होणार आहे आणि प्रजेची बोली हे त्याच्या दृष्टीने राज्य करण्याचे एक साधन आहे. ज्या पोऱ्याकडून त्याने शब्द उचलले, त्या फ्रान्सिसची तो याच प्रवेशात यथेच्छ टिंगल करतो.

संग्राहकांच्या या मालिकेत आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो तो फ्रान्सिस ग्रोझ. स्थूल देहाचा, कर्जबाजारी आणि जुन्या वास्तूंचा नादिष्ट असा हा माणूस काही काळ मिलिशियात कॅप्टन होता. त्याने १७८५ साली गावंढळ इंग्रजीचा कोश प्रसिद्ध केला. रात्री नोकराला बरोबर घेऊन तो लंडनच्या गल्ल्याबोळांतून शब्द वेचीत हिंडे, असे सांगतात. त्याच्या कोशात पोर्टर या काळसर बिअरला ‘इंग्लिश बर्गंडी’ असे नाव आहे. उमरावांच्या मेजावरील फ्रेंच वाइनचे नाव हमालांच्या पेयाला देण्यातली गंमत वेगळी सांगायला नको. पोर्टर हे नावसुद्धा लंडनच्या हमालांवरूनच पडले. याच कोशात पातळ, कमी प्रतीच्या बिअरसाठी ‘पार्लमेंटचा कायदा’ असा एक शब्दप्रयोग नोंदलेला आहे. पूर्वी एका कायद्यान्वये खानावळवाल्याला आपल्याकडे उतरलेल्या शिपायाला पाच पाइंट बिअर फुकट द्यावी लागे, असे स्पष्टीकरण ग्रोझ देतो. फुकट द्यायची म्हटल्यावर ती कोणत्या प्रतीची दिली जात असेल, हे उघड आहे. शिपायांनी त्या पाणचट बिअरला थेट संसदेचे नाव दिले. राज्यकर्त्यांवर एवढ्या थोड्या शब्दांत केलेली टीका आमच्या पाहण्यात फारशी नाही.

३

आता मूळ शब्दाकडे, पाइंटकडे वळू. पाइंट हे माप असले तरी ते मुळीच स्थिर नव्हते. एके काळी एलचा गॅलन २८२ घनइंचांचा, तर वाइनचा २३१ घनइंचांचा होता. पेयागणिक पाइंट बदले. १८२४ च्या वजनमापांच्या कायद्याने एकच ‘इंपीरियल’ गॅलन ठरवला आणि त्याच्या आठव्या हिश्शाचा, म्हणजे आजच्या हिशेबाने ५६८ मिलिलीटरचा, पाइंट कायम झाला. सर्वांसाठी एकच माप ठरल्यानंतर त्या मापाच्या नावाला पेयाचेच नाव बनण्याची सवड मिळाली, असे आम्हांला वाटते. दूधही पाइंटने मिळे. पण ‘पाइंटला जाऊ या’ असे म्हटल्यावर कोणी दूधवाल्याकडे गेले नाही.

ऑस्ट्रेलियात तर मापाची ही बोली शहरागणिक फुटली. सिडनीत ‘स्कूनर’ म्हणजे ४२५ मिलिलीटर; ॲडलेडमध्ये मात्र ‘स्कूनर’ मागितला तर २८५ मिळते आणि ४२५ ला तेथे ‘पाइंट’ म्हणतात. हेच २८५ सिडनीत ‘मिडी’ आणि मेलबर्नमध्ये ‘पॉट’. परगावच्या माणसाने तोंड उघडताच तो परगावचा असल्याचे गुत्त्यात सर्वांना समजावे, अशी ही सोय आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडील औद्योगिक गावांतही ‘गिल’ हा शब्द अर्ध्या पाइंटसाठी रूढ होता, जरी कायद्यातील गिल पाव पाइंटचा होता. सरकारी माप आणि लोकांचे माप यांची फारकत ही अशी शब्दांत शिल्लक राहते.

येथे एका लोकप्रिय गैरसमजाचाही उल्लेख केला पाहिजे. वागण्यात काळजी घ्या, अशा अर्थाने इंग्रजीत ‘पी आणि क्यू सांभाळा’ म्हणतात. गुत्तेवाला फळ्यावर गिऱ्हाइकाच्या नावापुढे पाइंट आणि क्वार्टची आद्याक्षरे मांडी, त्यावरून हा वाक्प्रचार आला, अशी गोष्ट पुष्कळ पुस्तकांत सापडते. तिला भक्कम आधार नाही. आम्हीही ती वर्गात काही वर्षे रंगवून सांगितली होती, हे येथे कबूल केलेले बरे. व्युत्पत्ती जितकी चविष्ट, तितकी ती तपासून घ्यावी, हा धडा आम्ही असा उशिरा शिकलो.

४

आमंत्रणाच्या शब्दांतील सोज्ज्वळपणा समजून घ्यायचा असेल, तर आमंत्रण नसतानाही प्यावे लागे त्या काळाकडे पाहावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टेम्स नदीवर जहाजांतून कोळसा उपसणाऱ्या मजुरांना काम मिळे ते गुत्तेवाल्यांमार्फत. ज्याच्या नावावर बिअरचा खर्च जास्त त्याला काम आधी, असा शिरस्ता होता. मजुरीचा मोठा हिस्सा गुत्त्यातच जिरे. ही पद्धत मोडण्यासाठी १८४३ साली संसदेला स्वतंत्र कायदा करून या मजुरांसाठी नोंदणीचे कार्यालय उघडावे लागले. पुढे हेन्री मेह्यूने लंडनच्या श्रमिकांवरील आपल्या लेखनात या मजुरांच्या हकिगती नोंदवल्या. खाणकामगारांची मजुरी गुत्त्यात चुकती करण्यास १८४२ च्या कायद्याने मनाई झाली होती. इतर बहुतेक श्रमिकांसाठी अशी मनाई यायला १८८३ साल उजाडले. म्हणजे कित्येक पिढ्या मजुरीचा दिवस आणि गुत्त्याचा दिवस एकच होता, आणि घरी वाट पाहणाऱ्या बाईच्या हाती पोचे तो उरलेला भाग. ‘फक्त एकच’ हे शब्द त्या बाईच्या कानांनी ऐकले, की त्यांतला लाजरेपणा पुष्कळसा ओसरतो.

याउलट १८३० च्या बिअरगृह कायद्याने बिअरवरील कर काढला आणि दोन गिनींत कोणाही करदात्या गृहस्थाला बिअर विकण्याचा परवाना मिळू लागला. जिनच्या तुलनेत बिअर निरुपद्रवी, असे तेव्हाच्या राज्यकर्त्यांचे मत होते. पहिल्या काही महिन्यांतच वीस हजारांहून अधिक बिअरगृहे उघडली. अशा घरगुती गुत्त्यांना ‘टॉम अँड जेरी’ म्हणत; पिअर्स ईगनच्या १८२१ मधील ‘लाइफ इन लंडन’ या गाजलेल्या पुस्तकातील दोन चैनी तरुणांची ही नावे. आजच्या मुलांना ठाऊक असलेल्या मांजर-उंदराच्या जोडीआधी शंभरांहून अधिक वर्षे हे जोडनाव इंग्रजीत गुत्त्यावर लटकत होते. ‘पब्लिक हाउस’चा ‘पब’ झाला तोही याच शतकात.

पण बिअरपानाच्या बोलीत कायद्याने थेट हात घातला तो पहिल्या महायुद्धात. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार पिऊन गैरहजर राहतात, अशी सरकारची तक्रार होती. १९१५ साली मद्यनियंत्रणाचे मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले, पब उघडे ठेवण्याचे तास दिवसाला साधारण साडेपाचांवर आले आणि दुपारी कुलूप लागू लागले. दुपारचे हे कुलूप इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८८ पर्यंत टिकले. त्याहून विलक्षण होता तो ‘नो ट्रीटिंग’ हुकूम. ऑक्टोबर १९१५ पासून लंडनमध्ये दुसऱ्याला पेय पाजणे हा गुन्हा ठरला. मित्राने मित्रासाठी, इतकेच काय नवऱ्याने बायकोसाठी पेला विकत घेतला, तरी दंड होऊ शके.

या हुकुमाचा रोख होता ‘राउंड’वर. चारजण पबमध्ये गेले, की प्रत्येकाने आळीपाळीने चौघांसाठी पेले आणायचे, हा तो रिवाज. ऑस्ट्रेलियात यालाच ‘शाउट’ म्हणतात. तो शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आढळतो. राउंडमध्ये हिशेब कोणी लिहीत नाही; पण तो सर्वांच्या ध्यानात असतो. आपली पाळी चुकवणारा माणूस गावभर बदनाम होतो. आणि चौघांच्या राउंडमध्ये शिरलेल्याला ‘फक्त एकच’ पिऊन उठता येत नाही, निदान चार होतात. सरकारला हे गणित बरोबर कळले होते. त्याला न कळलेली बाजू अशी की, मजुराच्या आयुष्यात राउंड हा विश्वासाचा व्यवहार होता. आज मी, उद्या तू. या आठवड्यात माझ्या हाताला काम आहे, पुढच्या आठवड्यात कदाचित तुझ्या. हुकूम युद्धानंतर, १९१९ साली, उठला. राउंड आजही चालू आहे.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेचे निरीक्षक बोल्टन या गिरणगावातील पबांमध्ये वह्या घेऊन बसले. त्यांचा ‘द पब अँड द पीपल’ हा ग्रंथ १९४३ मध्ये आला. एकत्र बसलेल्यांचे पेले जवळपास एकाच वेगाने रिकामे होतात, हे त्यांनी टिपले आहे. कोणी कोणाला सांगत नाही, तरी हात एकाच लयीत उचलले जातात. मराठीत आपण ज्याला पंगत म्हणतो, तिच्यातही सर्वांचे जेवण होईपर्यंत उठायचे नसते. तो ग्रंथ वाचताना आम्हांला पंगतीची आठवण झाली ती यामुळे.

५

आता पंगतीत कोण नव्हते, तेही पाहिले पाहिजे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल गाळणे हे प्रामुख्याने बायकांचे काम होते. घरची गरज भागवून उरलेली एल त्या विकत. पंधराव्या शतकात नेदरलँड्सच्या बाजूने हॉप घातलेली बिअर इंग्लंडमध्ये रुळली. हॉपमुळे ती अधिक टिके, त्यामुळे मोठ्या प्रमाणावर करून दूरवर विकता येई. त्यासाठी भांडवल हवे, पत हवी, आणि ती पुरुषांपाशी होती. जुडिथ बेनेट यांनी १९९६ सालच्या आपल्या ग्रंथात १३०० ते १६०० या काळातील हे स्थित्यंतर तपशिलाने मांडले आहे. धंदा वाढत गेला तसतशा बायका त्यातून बाहेर पडत गेल्या.

पुढे पबमध्येही हेच झाले. बोल्टनच्या निरीक्षकांनी नोंदवले की, स्वस्त बिअर मिळणाऱ्या ‘व्हॉल्ट’ आणि ‘टॅपरूम’मध्ये बायका बसत नसत, त्यांनी बसायचे ते महागड्या ‘लाउंज’मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात तर सार्वजनिक बारमध्ये बायकांना पेय देण्यास कायद्याचीच मनाई होती. ३१ मार्च १९६५ रोजी मर्ल थॉर्नटन आणि रोझली बॉगनर या दोघींनी ब्रिस्बेनच्या रिगाटा हॉटेलात जाऊन बारच्या दांडीला साखळीने स्वतःला बांधून घेतले आणि पेयाची मागणी केली. कायदा बदलायला १९७० साल उजाडले. खुद्द लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील एका प्रसिद्ध मद्यगृहात बायकांनी काउंटरपाशी उभे राहायचे नाही, मागच्या खोलीत बसायचे, असा नियम होता. समानतेचा कायदा १९७५ चा. तरी त्या नियमाविरुद्ध अपील न्यायालयाचा निकाल मिळायला १९८२ पर्यंत थांबावे लागले. काउंटरपाशीच पत्रकारांना बातम्या मिळत, हा त्या खटल्यातील एक मुद्दा होता.

हे वाचल्यावर आमच्या वहीतील शब्द आम्हांला निराळे दिसू लागले. ‘फॅन्सी अ पाइंट?’ म्हणजे आमच्यात ये. बातमी, नोकरीची खबर, वरिष्ठांची मर्जी, हे सगळे त्या पाइंटबरोबर वाटले जाते. ज्याला किंवा जिला हा प्रश्न कोणी विचारत नाही, त्या व्यक्तीच्या वाट्याला बिअरखेरीज आणखीही पुष्कळ काही येत नाही.

६

या वहीत काही शब्द आमच्या घरचेही निघाले, त्यांची नोंद येथे केली पाहिजे.

स्कॉटलंडच्या बोलीत दारूला, पिण्याला ‘पीव’ म्हणतात. हा शब्द रोमानी भाषेतून, म्हणजे युरोपभर भटकणाऱ्या रोमा लोकांच्या भाषेतून आला. तिचे मूळ भारतीय असल्याचे अठराव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांच्या ध्यानात आले. संस्कृत ‘पिबति’, मराठी ‘पिणे’ आणि एडिंबरोच्या गल्लीतला ‘पीव’ ही एकाच कुळातील भावंडे आहेत. लंडन आणि ऑस्ट्रेलियात बिअरला गमतीने ‘शर्बेट’ म्हणतात. अरबीतील पिण्याच्या धातूपासून निघून फारसी-तुर्कीमार्गे गेलेला हा शब्द म्हणजे आपले सरबत. दारूला सरबत म्हणण्याची युक्ती आपल्याकडच्या कोणत्याही मामाला सुचली असती, तशीच ती त्यांनाही सुचली.

तिसरा शब्द नाशिकजवळचा. देवळाली येथे १८६१ पासून ब्रिटिश फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे थांबत. जहाजे ठरावीक मोसमातच सुटत. मोसम चुकला की कित्येक महिने काम नाही, लढाई नाही, ऊन मात्र भरपूर. डोके फिरलेल्या शिपायाला ‘डूलाली टॅप’ झाला, असे म्हणू लागले. ‘डूलाली’ म्हणजे देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाने हिंदुस्थानातील नोकरीच्या १९३६ मधील आठवणींत या शब्दाचा उल्लेख केला आहे. ‘टॅप’ पुढे गळून पडला. भ्रमिष्ट माणसासाठी ‘डूलाली’ हा शब्द इंग्लंडमध्ये घरोघरी रुळला. तो उच्चारणाऱ्या बहुतेकांना नाशिक जिल्हा ठाऊक नसतो. २००९ साली पुण्यात ताजी बिअर गाळून विकणारे एक बिअरगृह निघाले, त्याने नाव घेतले ‘डूलाली’. शिपायांच्या तोंडी वेडावाकडा होऊन गेलेला आपला शब्द दीडशे वर्षांनी असा बिअरच्या पेल्यातून परत आला. आमचे काही विद्यार्थी त्याला इंग्रजी नाव समजतात.

७

शेवटी जॉर्ज ऑर्वेलकडे आले पाहिजे. पबवर त्याचे मनापासून प्रेम होते. १९४६ साली त्याने काल्पनिक आदर्श पबचे वर्णन करणारा ‘द मून अंडर वॉटर’ हा निबंध लिहिला. त्याच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या कादंबरीत विन्स्टन स्मिथ श्रमिकांच्या वस्तीतील एका गुत्त्यात शिरतो. तेथे एक म्हातारा पाइंटभर ‘वॉलप’ मागतो आहे. ‘वॉलप’ म्हणजे रट्टा. बिअरचे त्या काळातील बोलीनाव. तरुण गुत्तेवाल्याला पाइंट हा शब्दच माहीत नाही. त्याच्याकडे लिटर आहे आणि अर्धा लिटर. म्हातारा कुरकुरतो की, अर्ध्या लिटरने भागत नाही आणि एक लिटर फार होते. विन्स्टन त्याला बिअर पाजतो आणि क्रांतीपूर्वीचे जीवन खरोखर कसे होते, ते आजच्यापेक्षा बरे होते का, हे पुन्हा पुन्हा विचारतो. म्हाताऱ्याला आठवतात ते किरकोळ तपशील. विन्स्टन निराश होऊन बाहेर पडतो. इतिहासाचा शेवटचा साक्षीदारही निरुपयोगी ठरला, असे त्याला वाटते.

ही कादंबरी आम्ही पुष्कळदा वाचली आहे. या वहीनंतर वाचताना मात्र विन्स्टनचे चुकले असे आम्हांला वाटले. म्हाताऱ्याने साक्ष दिलेली होती, आणि तीही विन्स्टनने प्रश्न विचारण्याआधीच. ज्या राज्यात जुने शब्द नष्ट करण्याचे खाते आहे, तेथे हा माणूस भर गुत्त्यात एक जुने माप मागत होता. ते माप माणसाच्या तहानेला, मूत्राशयाला आणि खिशाला अनुरूप होते, ही त्याची तक्रार म्हणजेच विन्स्टनच्या प्रश्नाचे उत्तर होते. विन्स्टनला निवेदन हवे होते. म्हाताऱ्याजवळ शब्द होता. साहित्याचे अध्यापक म्हणून आम्ही अनेकदा विन्स्टनसारखेच वागतो. विद्यार्थ्याकडून सुसंगत उत्तराची अपेक्षा करतो आणि त्याने सहज उच्चारलेला शब्द कानाआड करतो.

असो. भाषांतराचा तो तास पुढच्या आठवड्यात पुन्हा झाला. आम्ही फळ्यावर ‘बसू या का?’ लिहिले आणि हेच उत्तर उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. तेव्हा पुढच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उभी राहिली. ती म्हणाली, ‘मॅडम, कथा पुढे वाचली तर कळतं, हा प्रश्न विचारणारी बाई आहे. ती त्याला ‘बसू या का?’ असं म्हणेल? आणि म्हणाली, तर वाचणारे तिच्याबद्दल काय समजतील?’ वर्गात या वेळी कोणी हसले नाही. इंग्रजी वाक्यात बोलणारी व्यक्ती पुरुष की स्त्री हे उघड नव्हते, म्हणून आम्ही सर्वांनी, मॅडमनीसुद्धा, ती पुरुष धरली होती.

आम्ही बराच वेळ चर्चा केली. कोणी ‘चल, चहा घेऊ’ सुचवले. त्यात आमंत्रण राहत होते, पण पाइंट जात होता. कोणी तळटीप सुचवली. तळटिपेने अर्थ कळला असता. तिचा तो सहज सूर मात्र हरवला असता. त्या बाईला तो सूर मिळण्यामागे किती वर्षे आणि किती भांडणे आहेत, हे आता आम्हांला ठाऊक होते. शेवटी त्या विद्यार्थिनीनेच आपल्या वहीत ‘बसू या का?’ लिहिले आणि खाली रेघ ओढली. आम्ही तिला पूर्ण गुण दिले.

हे भाषांतर आज मराठी वाचकाच्या कानाला कदाचित खटकेल. विद्यार्थिनीचे म्हणणे असे होते की, खटकू दे, वापरल्याशिवाय शब्द कोणाचा होत नाही. यावर वाचकांचे, विशेषतः भाषांतर शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींचे मत वेगळे असू शकेल. ते ऐकायला आम्हांला आवडेल.